नाटकात काम नाही, नुसतं बॅकस्टेज. तरी मुलीला जाऊ द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलगी पुण्यात हॉस्टेलला राहून एसवाय बीएस्सी करते. एफवायला गुण चांगले होते. यंदा कॉलेजच्या एकांकिकेच्या टीममध्ये गेली आहे. अभिनयाला निवडली नाही, बॅकस्टेजला आहे. तालमी रात्री साडेनऊपर्यंत चालतात. तिचे बाबा म्हणतात, टेबल-खुर्च्या उचलायला पुण्याला पाठवलंय का? या सगळ्याचा पुढे खरंच काही उपयोग होतो का? की त्यापेक्षा एनएसएस किंवा खेळ बरा? धाकटा नववीत आहे, त्याला तीन क्लास आहेत. त्याचंही सांगा."

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. जाऊ द्या तिला. आणि काम न मिळता बॅकस्टेज मिळालं याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. मी पदवीच्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवत आले. त्याच जोडीला कॉलेजचं सांस्कृतिक मंडळ आणि राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, ही दोन्ही खाती बरीच वर्षं माझ्याकडे होती. आधी गळ्यात पडली म्हणून, नंतर आवडीने. तुमच्या यजमानांचा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत कितीतरी वडिलांनी विचारला आहे. तो चुकीचा नाही. हॉस्टेलची फी भरणाऱ्या माणसाला हिशेब मागायचा हक्क आहे. फक्त हा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा, एवढं ठरवायला हवं.

अवांतर उपक्रमांचे फायदे म्हणून जे सांगतात ते तुम्ही शाळा-कॉलेजांच्या माहितीपत्रकात वाचलंच असेल. आत्मविश्वास, नेतृत्वगुण, सर्वांगीण विकास वगैरे. त्यात खोटं काही नाही, पण त्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. भीड चेपते हे खरं. पण ती सोसायटीच्या गणपतीत एकदा भाषण केलं तरी चेपते, त्यासाठी दोन महिने तालमीला जायला नको. मी स्वतः एकच गोष्ट बघते. हे मूल एक दिवस गेलं नाही तर तिथे कुणाचं काही अडतं का? अडत असेल तर तो उपक्रम मुलाच्या पदरात काहीतरी टाकेल, मग ते नाटक असो, शिबिर असो की खो-खो. अडत नसेल तर तो छंद आहे, नाहीतर आणखी एक क्लास. छंदाला माझा विरोध नाही, पण तुम्ही जो उपयोग विचारताय तो तिथे फारसा हाती लागत नाही.

जरा आठवून बघा, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांवाचून आपल्याकडे कुणाचं काय अडतं? लेक्चरला गेली नाही तर मस्टरवर गैरहजेरी लागते, सर शिकवायचे थांबत नाहीत. पेपर वाईट गेला तर नुकसान तिचं एकटीचं. घरी तर दहावीपासून "तू अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो" हा मंत्रच असतो. पाहुणे आले तरी तिला हाक मारायची नाही. हे आपण प्रेमापोटीच करतो. पण त्यामुळे होतं असं, की आपण एखादी गोष्ट केली नाही तर दुसरं माणूस खोळंबतं, हे मुलांना पहिल्यांदा कळतं ते थेट नोकरीत. तिथे समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. त्याआधी, चुका परवडतील अशा वयात आणि अशा जागी हे कळावं, यासाठी मी मुलांना या भानगडींत ढकलत आले.

आता बॅकस्टेजकडे येते, कारण तुमच्या घरचा गैरसमज तिथे आहे.

पावसाळ्यात पुण्यातल्या कॉलेजांत ज्या तालमी चालतात त्या बहुतेक पुरुषोत्तम करंडकासाठी असतात. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात साधारण ऑगस्टात प्राथमिक फेरी होते, त्यातून नऊ संघ निवडले जातात आणि सप्टेंबरात अंतिम फेरी. बाहेर "अरे आव्वाज कुणाचा" सुरू असतं, आत परीक्षक बसलेले असतात. तारीख ठरलेली, वेळ ठरलेली. "सर, जरा मुदत वाढवून द्या" हा जर्नलच्या वेळचा डायलॉग इथे चालत नाही. या एका गोष्टीची किंमत मी फार मोठी धरते.

विंगेत एक टेबल असतं. त्यावर पांढरा कागद पसरून चिकटवलेला. एकांकिकेत लागणारी प्रत्येक वस्तू त्या कागदावर ठेवून पेनाने तिच्या कडेने रेघ मारलेली असते आणि आत नाव लिहिलेलं असतं: चष्मा, पाकीट, दोन कप, औषधाची बाटली, पत्र. पत्राच्या चौकोनात बारीक अक्षरात "तिसरा प्रवेश, उजवी विंग" असंही. नट जाताना वस्तू घेतो आणि परत आला की ती त्याच रेघेत ठेवतो, निदान ठेवायला हवी. तो घाईत ती खिशातच विसरतो. टेबल सांभाळणारी मुलगी अर्धवट अंधारात नुसती नजर टाकते आणि तिला दिसतं, चष्म्याची जागा रिकामी आहे. मग चष्मा कुठे गेला हे शोधायला तिच्याकडे एक प्रवेश संपेपर्यंतचा वेळ असतो, तोही आवाज न करता. तिला टाळी मिळत नाही. स्मरणिकेत तिचं नाव "रंगमंच व्यवस्था" या ओळीत इतर चार-पाच नावांबरोबर येतं. पण पुढच्या प्रवेशात काकांनी नाकावर चष्मा चढवून पत्र वाचायचं असेल, तर त्या क्षणी अख्खी एकांकिका तिच्यावर उभी असते.

टेबल-खुर्च्यांचंही तसंच. दोन प्रवेशांमधला ब्लॅकआउट दहा-बारा सेकंदांचा असतो. तेवढ्यात खाट आत, टेबल बाहेर, खुर्ची फिरवून दुसऱ्या कोपऱ्यात. जमिनीवर रेडियमच्या चिमुकल्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, दिसतं ते तेवढंच. खाट डोक्याकडून कुणी धरायची, पायांकडून कुणी, विंगेतून आधी कोण निघणार, हे सगळं पक्कं असावं लागतं. नाहीतर दोघं अंधारात समोरासमोर येऊन आपटतात आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. म्हणून त्याची तालीम होते. आधी दिवे लावून, सावकाश. मग दिवे लावून, सेकंद मोजत. मग दिवे घालवून. संवादांच्या तालमीपेक्षा ही तालीम बघायला कंटाळवाणी असते आणि ती मुलं न कंटाळता करतात. घरी ताट उचलून ठेवायचा कंटाळा करणारीच असतात ती, हे वेगळं सांगायला नको.

आणि रंगमंचाबाहेरची कामं तर विचारूच नका. नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे भिंती म्हणून उभ्या करायच्या चौकटी, न्यायला टेम्पो ठरवायचा, आणि टेम्पोवाल्याला सकाळी सातची वेळ आदल्या रात्री पुन्हा एकदा फोन करून सांगायची. बोहरी आळीत जाऊन दोर, खिळे, कापड आणायचं, भाव करायचा, बिल मागायचं, आणि ते बिल कॉलेजच्या ऑफिसात जमा करून पैसे सुटेपर्यंत चार खेपा घालायच्या. जुना रेडिओ हवा असेल तर कुणाच्या तरी आजोबांकडून मागून आणायचा आणि धड परत करायचा. अनोळखी, आपल्यापेक्षा मोठ्या माणसांशी कामापुरतं नीट बोलणं ही गोष्ट बीएस्सीच्या कुठल्याच पेपरात नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. मुलं वाईट बातमी वेळेवर सांगायला शिकतात. आपल्या मुलांची मोठी खोड म्हणजे, काम झालं नाही की गप्प बसायचं. प्रोजेक्ट झाला नाही तर सबमिशनच्या दिवशी आजारी पडायचं. नाटकाच्या टीममध्ये पहिल्या वर्षी तीच खोड घेऊन मुलं येतात. "दाराची चौकट सुतार उद्या देतोय" असं तीन दिवस सांगतात, आणि चौथ्या दिवशी कळतं की सुताराकडे कुणी गेलेलंच नव्हतं. मग पंधरा जणांची तालीम चौकटीशिवाय होते आणि पंधरा जण त्या मुलाकडे बघतात. मास्तरांच्या ओरडण्यापेक्षा हे बघणं जास्त लागतं. पुढच्या वेळी तोच मुलगा आधी येऊन सांगतो, "माझं झालेलं नाही, आजच्या आज दुसरं काहीतरी करावं लागेल." हे वाक्य विशीतल्या पोराच्या तोंडून आलं की मी निश्चिंत होते. पुढे तो काय करेल ते करो, त्याच्या हाताखाली आणि त्याच्या वर काम करणाऱ्या माणसांना त्याचा त्रास कमी होणार.

अभिनय करणाऱ्यांना हे मिळत नाही असं नाही. पण त्यांच्यापुढे कौतुकाची लालूच असते. बॅकस्टेजवाल्याला ती नसते, म्हणून तो काम फक्त कामासाठी करायला लवकर शिकतो.

हरण्याबद्दलही सांगते. पन्नासच्या आसपास संघ उतरतात, अंतिमला नऊ जातात. म्हणजे बहुतेक मुलांची दोन महिन्यांची मेहनत ऑगस्टमध्येच संपते. २०२२ साली तर परीक्षकांनी करंडक कुणालाच न देण्याचा निर्णय घेतला, त्यावर पुण्यात बरीच चर्चा झाली. निर्णय बरोबर की चूक या वादात मी पडत नाही. पण मेहनत मनापासून केली तरी समोरचा "पुरेसं नाही" म्हणू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सेट परत करायचा असतोच, हा अनुभव गुणपत्रिका देत नाही. आमच्याकडच्या हुशार मुलांना तर त्याची जास्तच गरज असते. बारावीपर्यंत त्यांना कुणी नाही म्हटलेलं नसतं.

आता तुमच्या यजमानांसाठी थोडं अभ्यासकांचं. टोरंटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलनबर्ग यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा वर्षांची १४४ मुलं घेऊन त्यांचे गट पाडले: काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक, आणि काहींना त्या वर्षी काहीच नाही. कोण कुठल्या गटात हे मुलांच्या किंवा पालकांच्या आवडीवर सोडलं नव्हतं. वर्षभराने संगीताच्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा किंचित जास्त वाढला होता. नाटकाच्या मुलांचा तसा वाढला नाही. पण चार माणसांत मिळूनमिसळून वागण्यात सुधारणा दिसली ती नाटकाच्याच गटात. मुलं लहान होती आणि फरक थोडे होते, तेव्हा यावरून फार उड्या मारू नयेत. तरी नाटकाने गणिताचे मार्क वाढत नाहीत आणि माणसांशी वागणं सुधारतं, हे माझ्या अनुभवाशी जुळतं.

दुसरा अभ्यास तुम्हाला जरा खटकेल, पण तोही सांगायला हवा. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या मुलांवर जॅकलिन एकल्स आणि बॉनी बार्बर यांनी केलेलं काम १९९९ साली आलं. सांघिक खेळ खेळणारी मुलं शाळेत बरी टिकत होती, पुढे शिकतही होती. पण दारू पिण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त होतं. समाजसेवेसारख्या कामांतल्या मुलांत ते कमी आढळलं. म्हणजे उपक्रम नुसता "चांगला" म्हणून भागत नाही. तिथे कोणती मंडळी भेटतात आणि सराव संपल्यावर ती कुठे जातात, हेही उपक्रमाचाच भाग असतं. आणि अशा अभ्यासांत एक पाचर कायम असते: जी मुलं मुळातच उत्साही आणि घरून आधार असलेली, तीच अशा ठिकाणी जास्त जातात. म्हणून सगळं श्रेय उपक्रमाला देता येत नाही. मी देतही नाही.

एनएसएसचं विचारलंत. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० स्वयंसेवकांवर सुरू झाली. नियमाप्रमाणे स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि एकदा सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं. वर्षभरातले जे तास असतात त्यांत अनेक ठिकाणी पाट्या टाकल्या जातात हे मी उघड सांगते: झाडू हातात घेऊन फोटो, रॅली, बॅनर. शिबिर मात्र खरं असतं. पन्नास मुलं-मुली खेड्यातल्या शाळेत किंवा देवळात राहतात. सकाळी श्रमदान, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा; दुपारी व्याख्यान, त्यात निम्मे पेंगतात; मग गावात घरोघर सर्वेक्षण. आणि स्वयंपाक आपला आपण.

माझा अनुभव असा की बंधाऱ्यापेक्षा चुलीपाशी जास्त शिक्षण होतं. पन्नास माणसांना पोहे किती भिजवायचे हे पहिल्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. मग एक तर पोहे उरतात, नाहीतर शेवटच्या दहा जणांना कढईचा तळ मिळतो. संध्याकाळी सगळ्यांपुढे त्या दिवशीच्या स्वयंपाक गटाला जाब द्यावा लागतो. भाजीचा हिशेब ठेवणारा मुलगा तिसऱ्या दिवशी सरपंचांच्या घरी जाऊन वांग्यांचा भाव विचारायला लागतो, कारण बाजारातून आणलेली महाग पडली. शहरातल्या मुलांना आणखी एक गोष्ट कळते, की घरोघर विचारायचे प्रश्न कागदावर सोपे असतात. "शौचालय आहे का, वापरता का" हे अनोळखी आजींना, त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांचा चहा पीत विचारायचं तर कसं, हे कुठल्या पुस्तकात नाही. मुलगी नाटकात रमली असेल तर तिथून काढून एनएसएसला घालू नका. पण एक शिबिर तिने जरूर करावं. शिबिर बहुधा हिवाळ्यात असतं, नाटक पावसाळ्यात, एकमेकांच्या आड येत नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या आराखड्यात एनएसएस, एनसीसी, खेळ, कला यांना क्रेडिट दिलं. मला आनंद झाला होता. "हे अभ्यासाबाहेरचं आहे" म्हणून नाक मुरडणाऱ्या सहकाऱ्यांची तोंडं त्यामुळे बंद झाली. पण क्रेडिटसाठी आलेलं मूल तास मोजतं, सही करतं आणि निघून जातं. त्याच्यावाचून काही अडत नाही आणि त्याचंही काही अडत नाही. तुमची मुलगी सहीपुरती जात नाही, रात्री साडेनऊपर्यंत थांबते, यावरूनच ती कुठल्या गटातली ते कळतं.

नोकरीचं दोन वाक्यांत. एनसीसीचं "सी" प्रमाणपत्र असेल तर सैन्यात अधिकारी म्हणून जाण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला बोलावणारी वेगळी प्रवेशयोजना आहे, आणि राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. असे सरळ फायदे नाटकात नाहीत. नाटकाचा उपयोग मुलाखतीत होतो, कारण "अडचण आली तेव्हा काय केलंत" असं विचारल्यावर तिच्याकडे सांगायला खरी गोष्ट असते आणि बाकीच्यांकडे इंटरनेटवरून पाठ केलेली.

आता धाकट्याचं. नववीत तीन क्लास हे मला जास्त वाटतात. त्यातला एक सोडवा आणि त्या वेळेत त्याला मैदानावर घाला. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंग घामाघूम होईल असा व्यायाम सांगते. तीन क्लास करणाऱ्या मुलाची तेवढी पायपीट रिक्षा सापडेपर्यंतच होत असेल. शाळेत खो-खोचा संघ असेल तर मी डोळे झाकून खो-खो सांगेन. दोन खांब, एक मैदान आणि बूट, एवढाच खर्च. आठ जण ओळीने, एकाआड एक तोंडं फिरवून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मागे वळता येत नाही, म्हणून खो द्यावाच लागतो. खो कुणाला आणि कधी मिळेल हे माहीत नसल्यामुळे बसलेला एकही जण खरा बसलेला नसतो. ज्या मुलाचं लक्ष वर्गात खिडकीबाहेर असतं, त्याला मी त्या रांगेत टक्क जागा बघितलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुषांचा आणि महिलांचा दोन्ही जिंकले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे. मुलाला हा खेळ गावठी वाटत असेल तर एवढं त्याच्या कानावर घाला.

फक्त एक करू नका. खेळाला घातलं की लगेच "जिल्ह्याला निवड झाली का, दहावीला वाढीव गुण मिळतील का" हे सुरू करू नका. वाढीव गुणांची सोय खेळाला आहे, कलांना आहे, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेलाही आहे. मिळाले तर घ्यावेत. पण गुणांसाठी चित्रकलेला बसवलेली मुलं परीक्षा झाली की रंगपेटी माळ्यावर टाकतात, हे मी घरोघरी बघते. अबॅकस, कोडिंग, ऑलिम्पियाडची तयारी यांना तर मी अवांतर उपक्रमात धरतच नाही. तो अभ्यासच आहे, फक्त फी वेगळ्या खात्यात जाते.

उरले धोके, आणि ते आहेत. पहिला अर्थातच अभ्यासाचा. नाटकात गेलेली सगळीच मुलं अभ्यासात मागे पडतात हे खरं नाही, पण ऑगस्टमध्ये जवळजवळ सगळ्यांचीच प्रॅक्टिकल मागे पडतात. आमच्या विषयात तर लपवताही येत नाही. वनस्पतीचा नमुना दाबून वाळवायचा तर त्यातले कागद सुरुवातीला रोज बदलावे लागतात. ते बदलले नाहीत की पानांवर पांढरी बुरशी चढते. नमुना चिकटवलेली शीट हातात आली की मी विचारायची, "कुठली एकांकिका?" तेव्हा मुलीला सांगा, थिअरी नंतर भरून काढता येते, प्रॅक्टिकल आणि जर्नल त्या त्या आठवड्यात संपवायचं. ७५ टक्के हजेरीचा नियम नाटकवाल्यांसाठी वेगळा नसतो. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी मिळावी म्हणून कॉलेजचं पत्र असतं, ते तालमीच्या दिवसांना लागू होत नाही. अंतिम फेरीला गेले तर सप्टेंबरचा मध्य, नाहीतर ऑगस्टअखेर सुटका. त्यानंतर सेमिस्टरची परीक्षा येईपर्यंत पुरेसे आठवडे असतात, फक्त त्यात "आता दिवाळी अंकाचा कार्यक्रम", "आता दुसरी स्पर्धा" असं घुसू द्यायचं नाही. सेमिस्टरला एकच मोठं काम, हा नियम तिने स्वतः ठरवावा. तुम्ही लादलात तर ती खोटं बोलेल. मुलं बोलतात.

दुसरा धोका सीनियरांचा. नाटकाच्या टीमवर माजी विद्यार्थ्यांचा वचक असतो, आणि त्यातले काही जण चांगले असतात, काही जणांना कॉलेज सुटूनही सुटलेलं नसतं. "नाटकासाठी एवढंही करता येत नाही का?" हे वाक्य काय वाटेल त्यासाठी वापरलं जातं: जेवण चुकवायला, लेक्चर बुडवायला, रात्री एकाच्या तालमीला, अपमान गिळायला. मुलीशी बोलताना नाटकाबद्दल नव्हे, याबद्दल विचारा. तालमीला कॉलेजचे कुणी शिक्षक येतात का? तालीम कॉलेजच्या आवारात असते की कुणाच्या फ्लॅटवर? "मला आज जमणार नाही" म्हटल्यावर काय होतं? तिसऱ्या प्रश्नाला ती अडखळली तर तिथे काहीतरी बिनसलेलं आहे, आणि मग मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवून तिला बाहेर काढा. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्या सदस्यांची नावं फलकावर लावलेली असतात. ती आजच वाचून ठेवायला सांगा. गरज पडेल तेव्हा शोधत बसायची नसतात.

तिसरं पैशांचं. स्पर्धेचा खर्च कॉलेजने द्यावा. मुलं थोडी वर्गणी काढतात, ती चहा-वड्यापुरती असावी. सेटसाठी हजारांत मागायला लागले तर प्रभारी शिक्षकांना फोन करा. तो अधिकार पालकांचा आहे, त्यात मुलीची लाज जाण्यासारखं काही नाही. तिला तसं वाटेलच, पण चार दिवसांत विसरेल.

आणि साडेनऊचं. तालमी एवढा वेळ चालतात हे खरं आहे, कारण लेक्चर, प्रॅक्टिकल संपून सगळे जमेपर्यंतच साडेपाच-सहा होतात. हॉस्टेलच्या रेक्टरना कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र लागेल: टीममधल्या मुलींची नावं, तारखा, तालमीची जागा, संपायची वेळ आणि सोबत कोण शिक्षक आहेत. एकटीने परतायचं नाही, हॉस्टेलच्या मुलींनी एकत्र निघायचं, आणि पावसात रिक्षा मिळत नाही म्हणून एकाचे दोन पैसे गेले तरी चालतील हे यजमानांकडून आधीच कबूल करून घ्या. पत्र मुलीला या आठवड्यातच मागून घ्यायला सांगा. स्पर्धा जवळ आली की सांस्कृतिक विभागात सही करायला कुणी जाग्यावर सापडत नाही.